राजधानीची रोजंदारी

इसवी सन १५९५ च्या सुमारास मोगल बादशाहाच्या इमारतीच्या कामावर अगदी खालच्या पायरीचा जो मजूर असे, त्याला दिवसाला दोन दाम मिळत. दाम हे तांब्याचे नाणे. चाळीस दामांचा एक रुपया होई. महिन्याचे तीसही दिवस काम लाभले, तर या मजुराची कमाई दीड रुपया भरे. १ एप्रिल २०२५ पासून दिल्लीत अकुशल कामगारासाठी जे किमान वेतन लागू झाले, ते दरमहा १८,४५६ रुपयांचे होते. म्हणजे चारशे तीस वर्षांत राजधानीतील मजुराची कमाई बारा हजार पटींहून अधिक वाढली, असे गणित कोणीही मांडून दाखवील. गणितात चूक नाही. पण त्यातून कळतही काही नाही. दीड रुपयात काय येत होते, तो दीड रुपया पदरात पुरता पडत होता काय, आणि तो घेऊन घरी गेलेल्या माणसाची चूल त्यावर किती दिवस पेटत होती, हे प्रश्न विचारल्यावाचून मजुरीच्या इतिहासाला हात घातल्यासारखे होत नाही.

राजधानी म्हणताना मी येथे आग्रा आणि दिल्ली ही दोन्ही शहरे एकाच ओळीत धरीत आहे. अकबराची राजधानी आग्रा. मध्यंतरी ती फत्तेपूर सिक्रीस गेली, आणि १५८५ पासून सुमारे तेरा वर्षे दरबाराचा मुक्काम लाहोरास होता. शाहजहानने १६३९ मध्ये यमुनेच्या काठी नव्या शहराचा पाया घातला आणि १६४८ मध्ये दरबार दिल्लीस आला. आग्रा व दिल्ली यांत अंतर सुमारे दोनशे किलोमीटरांचे. नदी एक, इमारतींचा तांबडा दगड एकाच जातीचा, आणि कारागीर तर जिकडे काम तिकडे जाणारे. तेव्हा या दोन शहरांची मजुरी एकाच खात्यावर मांडण्यास फारशी हरकत नसावी.

अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी' या ग्रंथाचा गौरव पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे केला आहे. माझ्यासारख्या सरकारी कागदांत वावरणाऱ्या माणसाला त्यातील जो भाग विशेष जवळचा वाटतो, तो म्हणजे इमारतीच्या सामानाचे व मजुरीचे दर. आज बांधकाम खात्यात जिला आपण दरसूची म्हणतो, तशीच ती दरसूची आहे. चुनेगच्चीचे काम करणाऱ्याचे तीन दर्जे आणि त्यांना सात, सहा व पाच दाम रोज. सुतारांचे पाच दर्जे : सात, सहा, चार, तीन आणि दोन दाम. बेलदार पहिल्या प्रतीचा असेल तर साडेतीन दाम, दुसऱ्या प्रतीचा असेल तर तीन. पाणक्याला तीन किंवा दोन. बांबू तासणाऱ्याला दोन. विहीर खणणाऱ्याला रोजावर नव्हे, तर गजावर पैसे. आणि विहिरीत बुडी मारून गाळ उपसणाऱ्या माणसाला थंडीच्या दिवसांत चार दाम व उन्हाळ्यात तीन! ज्या कोणा कारकुनाने हा एक दामाचा फरक प्रथम लिहिला, त्याने माघ महिन्यातील आग्र्याचे पाणी हाताला लावून पाहिले असले पाहिजे.

हे दर ठरविण्याचे कारणही अबुल फजलने नमूद केले आहे. घरे बांधण्याची हौस पुष्कळांना असते, परंतु सचोटी दुर्मिळ असते. म्हणून बादशाहाने देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा नफातोटा पाहून दोघांनाही समाधान वाटेल असे दर बांधून दिले, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. दरसूची जन्माला येते ती अशी. तिचा हेतू मजुराचे पोट भरावे हा नसतो, खजिन्याची फसवणूक होऊ नये हा असतो. हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

सुदैवाने याच ग्रंथात धान्याचे व किराण्याचे भावही दिलेले आहेत. एक मण गहू बारा दाम, जव आठ दाम, ज्वारी दहा दाम, मीठ सोळा, दूध पंचवीस, तूप एकशे पाच, आणि पांढरी साखर एकशे अठ्ठावीस. अकबरी मण आजच्या सुमारे पंचवीस किलोंचा. म्हणजे दोन दाम मिळविणारा मजूर एका दिवसाच्या मजुरीत चार किलोंहून थोडा अधिक गहू घेऊ शके. ज्वारी घेतली तर पाच किलो. पाच माणसांच्या घराला दिवसाला अडीच किलो धान्य लागते असे धरले, तर गव्हावर राहणाऱ्या कुटुंबाचे सव्वा दाम धान्यात जात आणि पाऊण दाम मीठ, सरपण, तेल व लत्ता यांसाठी उरत. हे काही वैभव नव्हे, पण उपासमारही नव्हे. पहिल्या दर्जाचा सुतार तर एका दिवसात साडेचौदा किलो गव्हाचा धनी होई.

हे हिशेब विद्वानांनी फार बारकाईने मांडले आहेत. मोरलंड यांनी १९२० मध्ये अकबराच्या मृत्युसमयीच्या हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला, त्यापासून हा वाद चालू आहे. १९७२ मध्ये अशोक देसाई यांनी अकबरकालीन मजुरीची तुलना १९६० नंतरच्या मजुरीशी केली. धान्याच्या, तुपाच्या व दुधाच्या मापाने अकबराच्या काळचा शहरी मजूर सरस ठरतो, कापडाच्या मापाने मात्र तो मागे पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर अॅलन हेस्टन यांनी १९७७ मध्ये आक्षेप घेतले; शिरीन मूसवी यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात सारी आकडेमोड पुन्हा तपासली. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्यातील एक मुद्दा दोन्ही पक्षांना सारखाच अडचणीचा आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय खरे पाहता तोच आहे. हे सारे हिशेब ठरविलेल्या दरावर उभे आहेत. ठरविलेला दर मजुराच्या हातात पडत होता काय?

या प्रश्नाचे उत्तर देणारा साक्षीदार सुमारे तीस वर्षांनी आग्र्यात भेटतो. फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा डच व्यापारी कंपनीचा अधिकारी १६२० पासून सुमारे सात वर्षे आग्र्यास होता. १६२६ मध्ये त्याने आपल्या वरिष्ठांसाठी एक वृत्तांत लिहिला. व्यापाराची माहिती देता देता त्याने शहरातील कारागिरांविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना आजही मन अस्वस्थ होते. या लोकांमागे दोन पीडा आहेत, असे तो सांगतो. एक, मजुरी मुळातच थोडी. दुसरी, अधिकाऱ्यांचा जुलूम. सुभेदार, दिवाण, कोतवाल, बक्षी यांपैकी कोणाला माणूस हवा असला, की तो मजुराला घरातून किंवा भर रस्त्यातून ओढून नेतो. मजुराने कुरकुर केली, तर मार बसतो. आणि संध्याकाळी हातावर पडते ती अर्धी मजुरी, किंवा काहीच नाही. दिवसा भाजलेले दाणे चघळावेत आणि रात्री मुगाची खिचडी थोडे लोणी घालून खावी, असे त्यांचे जेवण त्याने वर्णिले आहे.

पेल्सार्ट हा परकी माणूस. धंद्याच्या अडचणींनी वैतागलेला. त्याच्या लेखनात रंग गडद झाला असेल, हे मान्य करावयास हवे. पण फ्रेंच वैद्य बर्निये याने १६६३ च्या आपल्या पत्रात नव्या दिल्लीचे, म्हणजे त्या वेळच्या शाहजहानाबादेचे, जे चित्र रेखाटले आहे तेही याहून निराळे नाही. अमिराच्या दारी कोरडा टांगलेला असे आणि कारागिराला दाम काय द्यावयाचे ते अमिराच्या मर्जीवर असे, असे तो लिहितो. शाही कारखान्यात असलेला किंवा एखाद्या बलवान अमिराचा आश्रय लाभलेला कारागीर त्यातल्या त्यात सुखी. कोरडा हा शब्द आपल्या मराठीने जसाच्या तसा ठेवला आहे. तसाच बिगार हाही. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या माणसाला आपण अद्यापि 'बिगारी' म्हणतो, आणि तो तर रोज घेऊन काम करतो! फुकट राबविण्याचे नाव पगारी मजुराला चिकटून राहावे, यात त्या पगाराचा पूर्वेतिहास थोडाफार दडलेला नाही काय?

तेव्हा १५९५ चा दर आणि १६२६ ची साक्ष यांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. दर कागदावर होता आणि साक्ष रस्त्यावरची आहे. शाही इमारतखात्यात नोंदलेल्या माणसाला कदाचित सात दाम सातही मिळत असतील. तोच माणूस दुसऱ्या दिवशी कोतवालाच्या वाड्यावर धरून नेला की त्याच्या हाती काय पडे, ते आइनात सापडणार नाही. आणखी एक गोष्ट त्यात सापडत नाही. फत्तेपूर सिक्रीच्या बांधकामाचे जे चित्र अकबरनाम्याच्या सचित्र प्रतीत आहे, त्यात पुरुषांबरोबर स्त्रियाही कामावर दिसतात. चित्रकाराने त्यांना पाहिले. दर लिहिणाऱ्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र ओळ लिहिली नाही.

सतराव्या शतकात चांदीच्या मानाने तांबे महाग होत गेले, आणि त्यामुळे दामांतील मजुरीची पुढच्या काळाशी सरळ तुलना करणे कठीण होते. अठराव्या शतकात नादिरशाहापासून पुढे दिल्लीवर जे प्रसंग गुदरले, त्यांनी मजुराला मजुरी देणारे अमीरच नाहीसे झाले. इंग्रजांनी १८०३ मध्ये शहर घेतले, १८५७ नंतर ते पंजाबला जोडले गेले, आणि हिंदुस्थानचा कारभार कलकत्त्याहून चालू लागला. राजधानीची मजुरी म्हणून सांगावे असे या काळात दिल्लीत फारसे काही नाही.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी पुन्हा दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि पुढची वीस वर्षे रायसीन्याच्या टेकडीवर व भोवताली काम चालू राहिले. १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. लट्यन्स आणि बेकर यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. ज्या ठेकेदारांनी या इमारती उभ्या केल्या, त्यांचीही नावे दिल्लीत रस्त्यांना व वाड्यांना लागली. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाट्या वाहणारे जे स्त्रीपुरुष राजपुतान्यातून व पंजाबातून आले, ते कोणाच्या खात्यावर होते? सरकारच्या नव्हे. अकबरी दरसूचीत सुतार व बेलदार यांचा रोज लिहिलेला होता. नव्या दरसूचीत घनफुटाचा दर असे आणि तो ठेकेदाराला मिळे. ठेकेदार जमादाराला देई, जमादार मजुराला. जमादार म्हणजे आपला मुकादम. तोच गावी जाऊन उचल देऊन माणसे आणी, तोच त्यांना कामावर लावी, तोच संध्याकाळी किंवा महिनाअखेर पैसे वाटी. पेल्सार्टच्या काळी मजुरीचा लचका तोडणारा कोतवाल चावडीवर बसे. आता तो मजुराच्याच झोपडीशेजारी राहू लागला. कामाला माणसे मिळण्याची ही व्यवस्था सोयीची होती यात शंका नाही, आणि सोयीची होती म्हणूनच ती टिकली.

दुसऱ्या महायुद्धात भाव कडाडले, आणि त्या काळात दिल्लीच्या मजुरीची दोन खाती पडली. सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळू लागला. आजतागायत तो आम्हा मंडळींच्या संभाषणाचा आवडता विषय आहे, हे वेगळे सांगावयास नको. भाव वाढले की त्याची मजुरी थोड्याफार विलंबाने मागून चालत येई. ठेक्यावरच्या मजुराला अशी दोरी बांधलेली नव्हती. १९४७ च्या पहिल्या वेतन आयोगाने सर्वांत खालच्या सरकारी नोकराला तीस रुपये पगार व पंचवीस रुपये भत्ता मिळून पंचावन्न रुपये ठरविले; १९५९ च्या दुसऱ्या आयोगाने ऐंशी; १९७३ च्या तिसऱ्या आयोगाने एकशे पंच्याऐंशी; पुढे चौथ्याने साडेसातशे. हा आकडा २०१६ मध्ये सातव्या आयोगानंतर अठरा हजारांवर गेला. त्याच दिल्लीत २०१७ च्या मार्चपूर्वी खाजगी नोकरीतील अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा ९,७२४ रुपये होते. सरकारी इमारतीच्या आत झाडू मारणारा कायम नोकर आणि तीच इमारत बांधणारा मजूर यांच्या मजुरीत दुपटीच्या जवळपास अंतर पडले, ते असे पडले.

किमान वेतनाच्या कायद्याचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ पासून मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी ते पद सोडल्यानंतर, स्वतंत्र भारतात, १९४८ मध्ये तो कायदा झाला. ज्या धंद्यांना तो लागू करावयाचा त्यांच्या यादीत रस्ते व इमारतींचे बांधकाम पहिल्यापासून होते. नुकताच तो २०१९ च्या वेतनसंहितेत विलीन झाला. मजुरीचा दर बांधून देणे ही गोष्ट राजधानीला नवी नव्हती, हे आपण पाहिले. नवे होते ते दर बांधण्याचे कारण. अबुल फजलच्या दराने 'याहून अधिक देऊ नये' असे सांगितले; या कायद्याने 'याहून कमी देता येणार नाही' असे सांगितले.

पण कमीत कमी म्हणजे किती, हे कायद्यात नव्हते. ते ठरविण्याचा प्रयत्न १९५७ च्या जुलैत दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेने केला. कमावणाऱ्या एका माणसामागे खाणारी तीन मापे धरावीत; डॉ. अॅक्रॉइड यांनी सांगितलेला आहार हिशेबात घ्यावा. कापड माणशी वर्षाला अठरा वार, म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाला बहात्तर वार. घरभाडे सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान जागेइतके. आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्च यांसाठी एकंदर किमान वेतनाचा पाचवा हिस्सा. आइनातील गव्हाच्या हिशेबानंतर राजधानीत केलेला पोटाचा एवढा सविस्तर हिशेब हाच. दुसऱ्या वेतन आयोगाने मात्र ही कसोटी स्वीकारली नाही, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांनी जुलै १९६० मध्ये जो संप केला त्याच्या मागण्यांत हीच मागणी अग्रभागी होती. या हिशेबात एक गृहीत आहे, ते सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बायको, मुले व किशोर यांची कमाई धरू नये, असे परिषदेने म्हटले. हेतू चांगला होता : एकट्या पुरुषाच्या मजुरीत घर चालावे. पण रायसीन्यावर पाट्या वाहिल्या त्या बायका, आणि त्या वेळी दिल्लीभर उठणाऱ्या सरकारी वसाहतींच्या कामावरच्या बायका, पुन्हा एकदा कागदावरून गळल्या.

त्या कागदावर आल्या त्या १९८२ मध्ये, आणि फार चमत्कारिक रीतीने. त्या वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरावयाच्या होत्या. क्रीडागारे, उड्डाणपूल, खेळाडूंची निवासस्थाने यांची कामे रात्रंदिवस चालली होती आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून मजूर आणले गेले होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने तीन समाजशास्त्रज्ञांना कामाच्या जागी पाठवून माहिती जमविली आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांना एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले.

पत्रातून उघड झालेला हिशेब असा : किमान वेतन रोजचे सव्वानऊ रुपये. ठेकेदार ते जमादाराकडे देत. जमादार माणशी रोज एक रुपया आपली दलाली म्हणून कापून घेई. मजुराच्या हातात सव्वाआठ. स्त्रियांना सातच रुपये मिळत, अशी तक्रार होती. समान वेतनाचा कायदा होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती! त्या सुमारास सरकार गहू क्विंटलला दीडशे रुपयांच्या आतच खरेदी करीत असे. त्या भावाने सव्वानऊ रुपयांचा गहू सहा-साडेसहा किलो येई, सव्वाआठांचा साडेपाच-पावणेसहा, आणि सात रुपयांचा पावणेपाच ते पाच किलो. बाजारातून पीठ घेतले तर याहूनही कमी. आता आपण १५९५ कडे वळून पाहू. दोन दामांत चार किलोंहून थोडा अधिक गहू येत होता. तीनशे सत्त्याऐंशी वर्षे, तीन राजवटी, आणि मजूर स्त्रीच्या पदरात पडलेली भर ओंजळ-दोन ओंजळींची. दराकडे पाहिले तर प्रगती दिसते. जमादाराने हात मारल्यावर उरलेल्या रकमेकडे पाहिले, तर अकबराचा पाणक्या आणि क्रीडागाराच्या पायथ्याशी विटा वाहणारी बाई शेजारी शेजारी उभी राहतात.

कामे ज्यांच्यासाठी चालली होती, त्या सरकारी संस्थांनी आपली बाजू मांडताना सांगितले की मजूर ठेकेदारांचे आहेत, जबाबदारी त्यांची. न्यायालयाने हे मानले नाही. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात त्याने जे सांगितले, ते या विषयाच्या अभ्यासकाने कायद्याचा भाग म्हणून नव्हे, तर इतिहासाचा भाग म्हणून वाचावे. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात बिगारीला व सक्तीच्या इतर श्रमांना बंदी आहे. घटनेच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा आपलाच शब्द आहे. न्यायालयाने म्हटले, की किमान वेतनाहून कमी घेऊन जो काम करतो तो खुशीने करतो असे समजता येत नाही. त्याच्यावर भुकेची व गरजेची सक्ती असते, आणि म्हणून तेही सक्तीचेच श्रम होत. सक्ती कोरड्याचीच असावी लागत नाही. मजुरी जमादाराच्या हातून न देता थेट मजुराला द्यावी, कायद्याने मान्य केलेल्या कपातीखेरीज एक पैसाही कापू नये, असा आदेश झाला, आणि कामांवर देखरेख ठेवण्यासाठी तीन सामाजिक कार्यकर्ते नेमले गेले.

अठ्ठावीस वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच शहरात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. त्याच संस्थेने या वेळी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने माजी राजदूत अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि समितीला पुन्हा किमान वेतनाहून कमी मजुरी, न मिळालेल्या वेतनचिठ्ठ्या आणि राहण्याची हलाखी हेच आढळले. विषय इतका परिचयाचा झाला होता की त्याने कोणी फारसे दचकले नाही.

मार्च २०१७ मध्ये दिल्ली सरकारने अकुशल कामगाराचे किमान वेतन १३,३५० रुपयांवर नेले. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. नव्याने समिती बसली. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने १४,८४२ रुपयांचा दर लागू झाला. तोच महागाईबरोबर वाढत एप्रिल २०२५ मध्ये १८,४५६ वर आला. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर रोजचे सातशे दहा रुपये.

सातशे दहा रुपयांची किंमत किती, हे आपण कोणते माप हाती घेतो त्यावर अवलंबून आहे. २०२५ च्या आधारभूत किमतीने, क्विंटलला २,४२५ रुपये, त्यात एकोणतीस किलो गहू येतो. म्हणजे अकबराच्या मजुराच्या सातपट. साखर घेतली तर त्याला चारशे ग्रॅमही मिळत नव्हती, याला पंधरा किलो मिळेल. वाढ जवळजवळ चाळीसपट. तूप घेतले तर त्याला अर्ध्या किलोला थोडे कमी मिळे, आणि याला एक किलोच्या थोडे वर. साखर यंत्राने स्वस्त केली, गहू कालव्यांनी व नव्या बियाण्यांनी; म्हशीला मात्र तसा वेग कोणी देऊ शकले नाही. कसबाची किंमतही अशीच बदलली. पहिल्या व शेवटच्या सुतारात तेव्हा सात व दोन असे अंतर होते. २०२५ च्या दरात कुशल कामगाराला २२,४११ रुपये, म्हणजे अकुशलाच्या सव्वापटीलाही थोडे कमी. कारागिरीचा मान घसरला असे त्यावरून म्हणता येणार नाही, कारण हा दर तळाचा आहे, बाजाराचा नव्हे. पण कायद्याची नजर आता शिखरावर नसून तळावर आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. आणि ज्या खर्चाखाली दिल्लीचा मजूर आज सर्वांत अधिक वाकलेला आहे, त्या खोलीच्या भाड्याला आइनात माप नाही. यमुनेच्या काठी झोपडी घालावयास तेव्हा जागा होती.

सातशे दहा रुपयांचा हा हिशेबही पुन्हा अधिसूचनेतील आहे. दिल्लीत पहाटे जागोजागी मजुरांचे नाके भरतात. फावडे, थापी, रंगाचे ब्रश पुढे ठेवून स्त्रीपुरुष बसलेले असतात, आणि त्यांचा दर तेथेच, उभ्या उभ्या, गाडीच्या खिडकीतून ठरतो. नऊ वाजेपर्यंत कोणी नेले नाही तर तो उतरतो. दुपारपर्यंत न नेलेला माणूस घरी जातो. त्या दिवसाला मजुरीच नसते, मग दर काहीही असो. तेथे हजेरीपट नसतो, वेतनचिठ्ठी नसते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने त्यांच्या कल्याणासाठी इमारतीच्या खर्चावर एक टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत उपकर बसविला. त्या निधीचा लाभ घेण्यासाठी मजुराने मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेले असावे लागते. नाक्यावरचा मजूर ते करतो, पुष्कळदा त्याच्या दुप्पट करतो. पण नव्वद दिवसांत त्याने साठ मालक पाहिलेले असतात, आणि त्यांतल्या एकाही मालकाने त्याचे नाव विचारलेले नसते.